भाद्रपद शुद्ध नवमी

संपादकांचं पत्र आलं. तुमच्या नोकरीतल्या गमतीदार आठवणी लिहा, दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं असू द्या. मी नोकरीत काय करत होते असं त्यांना वाटतं कोण जाणे. मी जवळजवळ तीस वर्षं दुसऱ्यांची लघवी उकळली. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन ज्यांना हे वाचवणार नाही त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही. आयुष्यभर लोक माझ्याशी नाकाला पदर लावूनच बोलत आले.

ठाण्यात आमच्या डॉक्टरबाईंचं बारा खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. बाईंचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर निम्म्या ठाण्याला त्या आठवतील, आणि मला जे सांगायचंय ते सगळं त्यांच्या कौतुकाचं नाही. इंटर सायन्स होऊन मी मुंबईला प्रयोगशाळेचा वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि त्यांच्याकडे लागले. जिन्याखालच्या खोलीला त्या 'लॅबोरेटरी' म्हणत. आमच्या आयाबाई त्याच खोलीला 'मुतारी' म्हणत.

काम काय, तर एका काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरी, आणि विटेसारखं लाल झालं तर पेशंटला बसवून घ्यायचं आणि बाईंना हाक मारायची. हल्ली कागदाची पट्टी बुडवतात आणि झालं. आम्ही दिवसाला चाळीस चाळीस नळ्या उकळायचो आणि तो वास केसांत घेऊन घरी जायचो. माझी वहिनी मला स्वयंपाकघरात शिरण्याआधी अंघोळ करायला लावायची. तिचं चुकत होतं असं नाही.

हा उद्योग गरोदर बायकांवरच का, तेही सांगते. बाईंनी पाच-सात वर्षांत एक गोष्ट हेरली होती. काही बायकांची मुलं भलतीच मोठी होत, नऊ नऊ, दहा दहा पौंडांची, आणि ती शेवटच्या महिन्यात पोटातच जात. घरचे म्हणायचे, दृष्ट लागली, इतकं गुटगुटीत बाळ होतं. बाईंना संशय होता तो साखरेचा. आईच्या रक्तातली साखर नाळेतून मुलाला जाते, मूल तिच्यावर फुगतं. ते वजन म्हणजे बाळसं नव्हे. अशा बायका शोधायच्या, त्यांची साखर इन्सुलिननं आणि पथ्यानं आवरायची, आणि धोक्याचे शेवटचे आठवडे यायच्या आत मूल पोट कापून काढायचं, असा त्यांचा बेत होता. परदेशात तसं करत होते. आपल्याकडे कोण करतंय? बाईंना हे सगळं नोंदून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपुढे पेपर वाचायचा होता. त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर केलं होतं आणि ते माझ्या हातात होतं.

ठाण्यातल्या बायका हॉस्पिटलात येत. डोंबिवली आणि कल्याणच्या बायकांसाठी मी आठवड्यातून दोनदा जायची, बाटल्या गोळा करून आणायची. त्यातून गमती झाल्या, संपादकांसाठी त्या सांगून टाकते. एकदा कल्याण स्टेशनाबाहेर हवालदारानं अडवलं. दारूबंदी नवी कडक होती आणि माझ्या पिशवीत चौदा बाटल्या किणकिणत होत्या. काय आहे म्हणाला. मी म्हटलं, लघवी. त्याला ती थट्टा वाटली. त्यानं एक बूच काढलं, बाटली नाकाशी नेली आणि मग मला सलाम केला. पुढे पाच वर्षं तो मला लांबून दिसला तरी रस्ता बदलायचा.

बायकांच्या तऱ्हा वेगळ्याच. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशा यायच्या, बाटली पदराखाली. एकीनं काकवीच्या बाटलीत आणलं, न धुता, आणि माझी नळी अशी लाल झाली की बाई धावत आल्या. एका सासूनं सुनेची लघवी परक्या ठिकाणी कशी पाठवायची म्हणून शेजारणीची पाठवली. शेजारणीला साखर निघाली. तिला आम्ही वाचवलं, सासूनं त्याचं श्रेय घेतलं. दोन जिवांची आहे म्हणून सुनेला तूपसाखर चारायची आणि डॉक्टरनं बंद करायला सांगितलं की डॉक्टर उपाशी मारतात म्हणून बोंब मारायची, हे तर रोजचंच. मी चिडायची, तोंडावर बोलायची. माझं वय सत्तावीस, अंगात इंटर सायन्स मावत नव्हतं.

माझी एक खास कामगिरी होती. बाळंतपणाचा सगळा हिशेब शेवटच्या पाळीच्या तारखेवर चालतो. आणि आमच्या बायकांना तारीख ठाऊक नसे, तिथी ठाऊक असे. 'माघ वद्य तृतीयेला बाजूला बसले होते', 'रामनवमीच्या आदल्या दिवशी'. मी पंचांग उघडायची, तिथीची इंग्रजी तारीख काढायची आणि रजिस्टरात लिहायची. त्यावरून किती आठवडे झाले ते निघायचं, आणि त्यावरून मूल कधी काढायचं ते ठरायचं. बाई पाहुण्या डॉक्टरांना अभिमानानं सांगत, आमच्या तारखांवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवा. मला ते ऐकायला फार आवडायचं.

यमुना आमच्याकडे आली ती दिवाळीनंतर. डोंबिवलीची, स्टेशनपासून थोडं आत एका बैठ्या चाळीत राहणारी. नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, माहेर खडवलीचं. वय पंचविशीच्या आसपास, अंगानं भरलेली, बोलायला अगदी हळू. आधीची दोन मुलं गेलेली, दोन्ही दहा पौंडांच्या घरातली, दोन्ही दिवस भरत आल्यावर पोटात. तिला घेऊन आली तिची सासू, रत्नागिरीकडची काटक बाई. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. मावशींना लिहितावाचता येत नव्हतं, पण मोरीत सून जाऊन आली की मुंग्या लागतात हे त्यांनी बघितलं होतं आणि ते कुणी न विचारता सांगितलं. तेवढ्यावरून बाईंनी निदान केलं. नळी उकळली ती नंतर.

मी यमुनेची नोंद घेतली तेव्हा खोलीत मावशी होत्या आणि बाहेर बाकावर दहाबाराजणी. पाळी कधी आली होती, म्हणून विचारलं. ती खाली बघून, मला जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटली, भाद्रपदात, शुद्ध नवमीला. मी पंचांग काढलं, भाद्रपद शुद्ध नवमीची तारीख बघितली, लिहिली आणि पुढचीला हाक मारली. दोनदा विचारायची मला सवय नव्हती.

त्या पोरीसारखी पेशंट मी पुन्हा बघितली नाही. बाईंनी सांगितलं भात बंद, तिनं बंद केला. साखर बंद, गूळ बंद, संक्रांतीला तीळगूळ तिनं कपाळाला लावून परत दिला. इन्सुलिनची बाटली थंड ठेवायला घरी काही नव्हतं, तर मावशींनी माठाखालच्या ओल्या वाळूत तिच्यासाठी जागा केली. सुई मावशीच उकळायच्या. टोचायला मी शिकवलं, पहिल्या दिवशी यमुनेनं सुई खाली ठेवून दिली तर मावशींनी आधी स्वतःच्या मांडीत रिकामी सुई टोचून दाखवली. आठवड्यातून दोनदा मी जायची, तेव्हा बाटली धुतलेली, भरलेली, बूच लावून दाराशी ठेवलेली. नळी हिरवी निघाली तरी तिचं तोंड उतरायचं, जणू परीक्षेत नापास झाली. तिला एकच गोष्ट हवी होती. मूल रडलेलं ऐकायचं होतं. दोन्ही वेळा खोली गप्प होती, असं ती एकदाच म्हणाली.

बाईंचा बेत ठरला होता. सदतिसावा आठवडा संपला की ठाण्याला आणायचं आणि मूल काढायचं. तोवर साखर आवरून धरायची.

फाल्गुनात मी गेले तर चाळीत बायका जमलेल्या, यमुनेला हिरवी साडी, फुलांची वेणी. सातव्याचं डोहाळजेवण. माझ्या रजिस्टराप्रमाणे तिला सहावाच चालू होता. मी हसले. पथ्याचं काय केलंत म्हणून आधी मावशींवर तोंड टाकलं, तर त्यांनी यमुनेचं ताट दाखवलं, त्यात भाकरी नि पालेभाजी होती, गोडाचा कण नव्हता. तेव्हा माझी जरा पंचाईत झाली आणि ती झाकायला मी महिन्यांचा विषय काढला. म्हटलं, मावशी, घाई केलीत, हा सहावा आहे. त्या म्हणाल्या, सातवाच. मी इंग्रजी तारीख सांगितली, आठवडे बोटावर मोजून दाखवले. जमलेल्या बायका ऐकत होत्या, मलाही चेव चढला होता.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, गौरी जेवल्या तेव्हा ही पोटुशी होती. मला दुसरं काही कळत नाही, पण ते कळतं."

मी म्हटलं, दिवस गौरींनंतर राहिले असणार, तुमचं आपलं अंदाजपंचे. बायका हसल्या.  आपल्या सुनेसाठी ज्यांनी स्वतःला सुई टोचून घेतली त्या बाईला मी त्यांच्याच दारात अडाणी ठरवलं, आणि परत येताना मला बरं वाटत होतं.

बाईंना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्यांनी पुढच्या खेपेला यमुनेचं पोट तपासलं, हात जरा थांबला. गर्भाशय बरंच वर आलंय, म्हणाल्या, रजिस्टर काय म्हणतं? मी आठवडे वाचून दाखवले. मग बरोबर, त्या म्हणाल्या, साखरेचं मूल मोठंच असायचं. या आजारात तसंच होतं. मूल अपेक्षेपेक्षा मोठं दिसलं की आजाराकडे बोट दाखवायचं. मग तारखेकडे कोण बघणार?

वैशाखात उन्हानं चाळीचे पत्रे तापले होते. मावशींनी मला ओसरीवर गाठलं. नववा भरत आलाय, म्हणाल्या, आता तुमच्या बाईंना सांगा आणि हिला घेऊन जा. सर्वसाधारण सासवा उलट भांडायच्या, अठमासं मूल जगत नाही म्हणून वेळेआधी हात लावू द्यायच्या नाहीत. ही एकटी सासू आम्हाला लवकर काढा म्हणत होती आणि मी तिला समजावत होते, की अजून दोन आठवडे आहेत, घाई केली तर मूल कच्चं निघेल, श्वास घेणार नाही. मी शास्त्र सांगत होते, आणि शास्त्र बरोबरच होतं.

त्याच आठवड्यात यमुनेची नळी निळी निघाली. स्वच्छ, आकाशी निळी. दोन दिवस, तीन दिवस. इन्सुलिन कमी केलं तरी निळी, आणखी कमी केलं, तिला घाम सुटून गरगरायला लागलं तरी निळी. गरोदरपणात इतकी सुधारणा मी कुणाची बघितली नव्हती. मी नळी उजेडात धरून तिला दाखवली. म्हटलं, बाळ शहाणं आहे तुझं, आईची साखर स्वतःच आवरतंय. ती हसली. त्या पोरीला मनापासून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. शेवटी शेवटी इन्सुलिनची गरज अशी एकाएकी उतरली तर मुलाला पोसणारी वार निकामी होत चालली आहे असं समजून धावायचं असतं, हे मी पुढे काही वर्षांनी वाचलं. बाईंनाही तेव्हा ते माहीत नव्हतं. त्यांना मी त्यासाठी दोष देत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नवरा तिला ठाण्याला घेऊन आला. कालपासून बाळ हललं नाही. बाईंनी लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकवला, जागा बदलली, पुन्हा टेकवला. खोलीतल्या सगळ्यांना कळेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिला कळा आल्या, मुलगा झाला, दहा पौंडांच्या वर. खोली तिसऱ्यांदा गप्प होती.

आयाबाईंनी मुलाला पुसलं आणि त्याची बोटं माझ्यापुढे धरली. नखं बोटांच्या पुढे आलेली, कातडी तळव्यांवर सुटायला लागलेली. दिवस भरून वर झालेलं पोर आहे हे, त्या म्हणाल्या. बाईंनी रजिस्टर मागितलं. त्यात छत्तीस आठवडे होते. बाईंनी लिहिलं, छत्तीस आठवडे, साखर पूर्ण ताब्यात, तरी गर्भाशयात मृत्यू. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्या नखांकडे त्यांनीही बघितलं होतं आणि मीही. पण लिहिलेलं होतं ना समोर.

दहाएक दिवसांनी मी डोंबिवलीला गेले, तिची लघवी तपासायची होती. मावशी पाणी भरायला विहिरीवर गेल्या होत्या. यमुना भिंतीला टेकून बसली होती, दूध आलेलं म्हणून छाती घट्ट बांधलेली. मी काहीतरी दिलाशाचं बोलले. तिनं मला मध्येच थांबवलं.

"बाई, कशानं झालं ते मला ठाऊक आहे. सासूबाईंना सांगू नका. धोंड्यात आम्ही खडवलीला गेलो होतो. आई ह्यांना वाण देणार होती, तेहतीस अनारसे नि चांदीचा दिवा. नवमीचा दिवस होता. आणि सकाळीच माझी पाळी आली. सगळी तयारी झालेली, पाहुणे आलेले. मी कुणाला बोलले नाही. वाणाला हात लावला, ह्यांचं ताट मीच वाढलं. रात्री सांगितलं, आत्ता बसले म्हणून. ते पाप आहे माझं."

मी विचारलं, कुठला धोंडा? प्रश्नच वेडगळ होता. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि गेल्या वर्षी आला होता तो भाद्रपदच. आधी अधिक भाद्रपद, मग महिन्यानं खरा, गणपतीचा. भाद्रपदाच्या शुद्ध नवम्या दोन होत्या. तिनं सांगितली ती पहिली. मी लिहिली ती दुसरी. सासू समोर होती म्हणून 'धोंड्यातली' एवढा एक शब्द तिनं गिळला होता, आणि दोन भाद्रपद असलेल्या वर्षाचं पंचांग मांडीवर घेऊन मी विचारलं नव्हतं, की कुठला. कुणीही म्हातारी विचारते. मावशींनी विचारलं असतं.

म्हणजे ते मूल छत्तीस आठवड्यांचं नव्हतं. चाळीस पूर्ण झाले होते. बाईंच्या बेताप्रमाणे ते तीन आठवड्यांपूर्वी रडत बाहेर यायला हवं होतं. सगळी पथ्यं पाळली होती, सगळ्या सुया टोचल्या होत्या, आणि माझ्या अक्षरातल्या एका ओळीनं त्याला तीन आठवडे जास्त आत कोंडून ठेवलं.

मी तिला काय सांगितलं? म्हटलं, असं काही पापबिप नसतं गं. पाणी प्यायले, बाटली पिशवीत टाकली आणि निघाले. दारात मावशी भेटल्या, डोक्यावर हंडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट दिली.

मी गप्प बसले. लाज होती, भीती होती, नोकरी होती. विधवा आई होती, भावाचं घर होतं. ही कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही. बाई मात्र गप्प बसल्या नव्हत्या, त्या विचार करत होत्या. साखर ताब्यात असून छत्तीस आठवड्यांना मूल गेलं, म्हणजे सदतीसची वाट बघणंही धोक्याचं, असा त्यांनी माझ्या रजिस्टरावरून निष्कर्ष काढला. निष्कर्ष काढायची रीत अगदी बरोबर होती. पुढची बाई कळव्याची, तिचं मूल त्यांनी चौतिसाव्याला काढलं. मुलगी. ती रडली. मग कण्हत श्वास घ्यायला लागली, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जायच्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी थांबली.

तेव्हा मी बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, पंचांग मागितलं, दोन्ही पानं शेजारी ठेवून स्वतः मोजलं.  मला वाटलं हाकलतील, आणि हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

कुणालाच नाही, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, पेपर मुंबईला गेलाय. एका नोंदीनं सगळं खोटं ठरत नाही. यापुढे सदतीसच धरू, आणि तू प्रत्येकीला महिना दोनदा विचारत जा. यमुनेला सांगून तिला काय मिळणार आहे? मग त्यांनी रजिस्टर मिटून स्वतःच्या कपाटात ठेवलं. पेपर छापून आला. त्यात यमुनेचा आकडा आहे, तिचे छत्तीस आठवडे आहेत, खाली माझे आभारही आहेत. बाईंनी पुढे त्याच पद्धतीनं कितीतरी मुलं जिवंत काढली, ती आज चाळिशीला आली असतील. हे खरं आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावर मला नीट रागावताही येत नाही.

मी मात्र सुधारले. महिना विचारायची, धोंड्यातला की खरा ते विचारायची, त्या वेळी कुठला सण होता, घरी कोण आलं होतं, बाजूला बसल्यावर स्वयंपाक कुणी केला, सगळं. बायका वैतागायच्या. डोंबिवलीत माझं नाव पडलं, दहादा विचारणाऱ्या बाई.

त्या धोंड्यानंतर तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आला, अधिक श्रावण. यमुनेचा नवरा हॉस्पिटलात आला. मावशी दीड वर्षापूर्वी गेल्या होत्या. यमुनेला त्यानंतर दिवस राहिले नव्हते. म्हणाला, ती महिनाभर एकभुक्त राहतेय, एकच वेळ जेवते, सुई मात्र रोज टोचते, काल विहिरीवर चक्कर येऊन पडली. तुमचं ऐकेल, म्हणून आलो.

मी गेले. ती खूप वाळली होती. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर माणूस मरतं, हे मी तिला शक्य तितक्या कडक शब्दांत सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. म्हणाली, एक महिन्याचं तर आहे. त्या बाळाला मी खाल्लं, बाई. सासूबाई गेल्या तरी त्यांना कळू दिलं नाही. आता देवाला तरी काही द्यायला नको?

मग मी सांगितलं. पंचांग बरोबर नेलं होतं. दोन भाद्रपद दाखवले, दोन नवम्या दाखवल्या. म्हटलं, तू बरोबर सांगितलंस, मी चुकीची लिहिली. तुझ्या सासूबाई बरोबर मोजत होत्या, मी त्यांना चारचौघींत हसले. मूल दिवस उलटून गेल्यामुळे गेलं, आणि ते माझ्यामुळे उलटले. तुझ्या वाणाचा, ताटाचा, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. तुझ्याकडून काही चुकलं नाही. माझ्याकडून चुकलं, आणि दोन वर्षं मी गप्प बसले. एवढं सगळं मी न अडखळता बोलले. शिव्या देईल, अंगावर येईल, बोंब मारून चाळ गोळा करेल, म्हणून मी वाट बघत होते. खरं तर मला ते हवं होतं.

 मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं तिनं आधी स्वतःचं तोंड पुसलं आणि मग माझा हात धरला.

"तुम्ही कशा चुकाल, बाई? तुम्ही तर एकेक गोष्ट दहादा विचारता, सगळी डोंबिवली सांगते. मी उपास सोडावा म्हणून स्वतःवर घेताय तुम्ही. माझ्यासाठी सख्खी बहीण एवढं करणार नाही."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. रजिस्टर दाखवलं असतं, पण ते बाईंच्या कपाटात होतं आणि बाई ते देणार नव्हत्या. जितकं जास्त सांगितलं तितकी ती मान हलवत राहिली, लहान मुलाला समजावावं तशी. शेवटी म्हणाली, तुमच्या शब्दाखातर सकाळी दूध घेईन. पण एकभुक्त सोडणार नाही, माझं मला फेडू द्या. आणि मी पाय मागे घ्यायच्या आत तिनं खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.